खालचा आकडा

शेंडगे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नात, आणि तेव्हा ते मुद्दाम चमचा खाली पाडत होते.

बारामतीतलं मंगल कार्यालय, जेवणाची ही गर्दी. चारेक वर्षांचं एक पोरगं खांबाला टेकून जिलेबी खात होतं. सर हळूच त्याच्या पाठीमागे गेले, इकडंतिकडं बघितलं आणि हातातला स्टीलचा चमचा फरशीवर सोडून दिला. आसपासची माणसं दचकली. पोरगं जिलेबी खातच राहिलं. सरांनी वाकून चमचा उचलला आणि पुन्हा सोडला. तेवढ्यात पोराचे आजोबा आले.

"काय वो पाव्हणं, हाताला लकवा भरलाय काय?"

"तात्या, नातवाचं कान एकदा दाखवून घ्या. लवकर दाखवलं तर लय फरक पडतो."

मग काय विचारता! "भर लग्नात आमच्या पोराला भैरा म्हणतोस व्हय रं!" म्हणून तात्यांनी सरांची कॉलरच धरली. नवरदेवाचा मामा मध्ये पडला म्हणून बरं, नाहीतर आहेराच्या आधी मार मिळाला असता. मी ताटली हातात धरून बघतच राहिले. शेजारच्या बाईंना विचारलं, "कोण हो हा माणूस? डोकं ठिकाणावर आहे ना?" त्या म्हणाल्या, "इंदापूर तालुक्यातले विशेष शिक्षक आहेत ते. प्रत्येक लग्नात असंच करतात."

विशेष शिक्षक म्हणजे दिव्यांग मुलांसाठी या शाळेतून त्या शाळेत फिरणारा शिक्षक. कराराची नोकरी, मानधन कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि प्रत्येक शाळेत बसायला मिळते ती पायमोडकी खुर्ची. मी इंदापूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते आणि राहते बारामतीला. रोजची एसटी. सर कन्हेरीचे, ते फाट्यावर चढायचे, पण गर्दीत माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. लग्नानंतर दोनच दिवसांनी ते माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुमी जिलेबी टाकून माझ्याकडं बघत होता. वाया गेली ना जिलेबी?" अशी आमची ओळख झाली.

सर बारीक अंगाचे, उंच, चष्म्याच्या काचा जाड. खिशात कायम एक चमचा, पेनाशेजारी खोचलेला. पोरांना ते कधी नुसत्या नावानं हाक मारायचे नाहीत. आईचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं लावून मारायचे. निमगाव केतकीच्या स्टँडवर एखादं पोरगं दिसलं की खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून एवढं लांबलचक नाव ओरडायचे की कंडक्टर वैतागायचा. मी एकदा म्हटलं, "सर, हाक मारताय की हजेरी घेताय?" तर म्हणाले, "ह्या पोरांना गावात नाव कुठं असतं मॅडम? कुणी येडं म्हणतं, कुणी भैरं म्हणतं. पूर्ण नाव ऐकलं की पोरगं ताठ होतं. बघा तुमी." मी बघितलं. होतं खरं ताठ.

आणखी एक सवय. कधी ओशाळले, अडचणीत सापडले की चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसायचे. काच स्वच्छ झाली तरी पुसायचे. ही सवय मला पुढं फार चांगली कळली.

त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, भागाकार. निकाल लागला की शाळाशाळांत फ्लेक्स लागतात, पेढे वाटतात, आणि दिव्यांग मुलांचा निकाल वेगळा कळवावा लागतो. तो गोळा करायचं काम सरांकडे. "मॅडम, निकाल म्हंजे काय, तर साधा भागाकार. वरचा आकडा सगळे छाती काढून सांगत्यात. मी आधी खालचा बघतो. खालचा आकडा लपवला की कुणालाबी शंभर टक्के काढता येत्यात."

हे त्यांनी आमच्याच शाळेत येऊन करून दाखवलं. मुख्याध्यापकांनी पेढ्याचा बॉक्स पुढं केला आणि म्हणाले, "लिहा शेंडगे, दिव्यांग विद्यार्थी, निकाल शंभर टक्के."

"आठवीत तुमच्याकडं वैष्णवी हुती. ती कुठं हाय?"

"तिला सतरा नंबरनं बसवलं."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षा. पोर नापास झालं तरी शाळेच्या निकालाला डाग नाही. कच्ची मुलं नववीत आली की पालकांना बोलावून गोड शब्दांत हा मार्ग दाखवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटतही नाही.

"बरं. आणि तो पायानं अधू आसलेला?"

"तो गळाला मधेच."

"गळायला पोरं म्हंजे काय झाडाची पानं हायती का सर?"

पेढा न घेता सर निघाले ते थेट निमगावला. वैष्णवी घरच्या ओट्यावर डाळिंबं निवडत बसली होती. मोठी एका क्रेटमध्ये, बारकी दुसऱ्यात. सतरा नंबरचा फॉर्म कुणी भरलाच नव्हता. शाळेला वाटलं घरच्यांनी भरला, घरच्यांना वाटलं शाळेनं भरला. सर संध्याकाळी परत आले आणि खालच्या आकड्यात वैष्णवीला धरलं, त्या मुलालाही धरलं. आमचे शंभर टक्के गेले. मुख्याध्यापकांनी पुढं कित्येक महिने त्यांना साधा चहा विचारला नाही. सर हे सगळं मला स्टाफरूममध्ये येऊन सांगत होते तेव्हा माझ्या तोंडात त्याच शंभर टक्क्यांचा पेढा होता. खरं सांगते, गिळवेना. लाजेनं कान तापले माझे.

असा हा माणूस. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते.

कन्हेरीच्या फाट्यावर रोज सकाळी सरांना डबा द्यायला त्यांची मुलगी यायची. मानसी. दोन वेण्या, सायकल, चेहरा बापासारखा लांबट. तिचं एक मला जाणवायचं. बाप बोलत असला की ती त्याच्या डोळ्यांकडं बघायची नाही, ओठांकडं बघायची. टक लावून. एके दिवशी ती रस्त्यात सायकल धरून उभी आणि मागून आमची एसटी. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला, चांगला दाबून धरला. बसमधली माणसं कानावर हात ठेवायला लागली. मानसी तशीच उभी. सरांनी धावत येऊन तिचं कोपर धरून तिला बाजूला ओढलं आणि वर चढले. घामाघूम झाले होते.

"पोरगी नादात आसती," माझ्याकडं न बघता म्हणाले. आणि चष्मा काढून पुसायला लागले.

मी बाई बोलून मोकळी होणारी. पण त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत राहिले. सगळ्या जगाच्या पोरांमागे चमचे पाडत फिरणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या घरातलं कळलं नसेल? कळलं होतं. तेच तर.

त्या वर्षी मानसी दहावीला होती, बारामतीच्या शाळेत. आणि माझ्या वर्गात अंथुर्ण्याचा प्रतीक होता, दहावीलाच. त्यालाही कमी ऐकू यायचं. दिव्यांगत्वाचा दाखला असता तर परीक्षेला जादा वेळ मिळाला असता, एक भाषा सोडता आली असती, सवलतीचे गुण मिळाले असते, कानाला मशीन मिळालं असतं. पण दाखला काढायला त्याची आई तयार नव्हती. दाखल्याची तपासणी बारामतीच्या सरकारी दवाखान्यात दर बुधवारी व्हायची, आणि दिवाळीच्या आत कागद बोर्डाकडे जायला हवे होते. म्हणून एका संध्याकाळी परतीच्या वाटेवर सर आणि मी अंथुर्ण्याला उतरलो.

प्रतीकची आई, शोभाताई, गोठ्यात धार काढत होत्या. उठल्या नाहीत. पाठमोऱ्याच बोलल्या.

"सर, तुमी माणूस चांगला हायसा. पण दाखला काढला की गावात शिक्का बसला. उद्या कानात मशीन घालून पोरगं हिंडाय लागलं तर त्याला पोरगी कोण देणार? तुमी देणार हाय का?"

सरांनी चष्मा काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. "ताई, हे धरा. आता मला तुमची म्हैस दिसती, पण तिचं शिंग कुठं हाय ते दिसत न्हाय. मी कमी झालो का? डोळ्याला काच लावाय आपल्याला लाज वाटत न्हाय. मग कानाला मशीन लावाय कशाची लाज? कान काय डोळ्यापरास हलका हाय?"

हे ते प्रत्येक घरात करायचे. कुठंही जा, चष्मा काढून समोरच्याच्या हातात द्यायचा आणि हेच शब्द. पण दर वेळी असं म्हणायचे जणू आत्ताच सुचलंय. शोभाताईंनी धारेचा हात थांबवला. पदरानं चष्मा धरून त्यांनी सरांकडं नीट बघितलं.

"एक विचारू का? खरं सांगा. तुमच्या घरात आसतं आसं लेकरू, तर तुमी काढला आसता दाखला?"

मी जमिनीकडं बघत होते.

"काढला आसता," सर म्हणाले.

"शपथ?"

"शपथ."

शोभाताईंनी चष्मा परत दिला. "मग येते मी बुधवारी. तुमच्या शब्दावर येते, सर."

अंथुर्ण्याच्या स्टँडवर बसची वाट बघताना माझा तोल सुटला. "सर, तुमचं घर कन्हेरीतच आहे ना? का दुसऱ्या कुठल्या मुलखात? शपथ कसली घेता? मानसीचं काय?"

चष्मा पुसत ते बोलले. "मॅडम, माझी आई म्हणती, तू दिसभर तसल्या पोरांत आसतूस, म्हणून तुझ्या घरात तसलं जन्मलं. बायकोला भावकी टोमणं मारती. पोरीची जात, उद्या लग्न व्हायचंय. आणि खरं सांगू का, हे सगळं बाजूला ठेवा. मलाच लाज वाटती. विशेष शिक्षकाच्याच घरात, म्हणून लोक हसतील ह्याची लाज. आणि आपल्याला लाज वाटती, ह्याचीबी लाज वाटती. रात रात झोप लागत न्हाय."

"मग बुधवारी प्रतीकबरोबर मानसीलाही न्या. एका रांगेत दोन्ही कामं."

"नेतो."

बुधवारी प्रतीकचं काम झालं. गुरुवारी मी बसमध्ये विचारलं, "नेलं का?" "नेतो." दिवाळी आली. "नेलं का?" "न्यायचंय मॅडम." दिवाळी गेली. मग सर पुढच्या दारानं चढून ड्रायव्हरमागच्या सीटवर बसायला लागले. माझ्या शेजारची जागा रिकामी जायला लागली. विचारणाऱ्या बाईपेक्षा इंजिनचा आवाज बरा, असं झालं असणार त्यांचं. फाट्यावर मानसी डबा घेऊन यायचीच. बस हलली तरी बापाच्या तोंडाकडं बघत उभी राहायची.

निकाल लागला. प्रतीक पास झाला, चांगल्या गुणांनी. मानसी इंग्रजीत गेली.

आणि बघा, नेमकं त्याच वर्षी तालुक्याचा दिव्यांग मुलांचा निकाल कधी नव्हे इतका चांगला आला. सरांनी खालचा आकडा पूर्ण धरला होता, कुणालाही गळू दिलं नव्हतं, तरीही चांगला आला. म्हणून इंदापूरला सरांचा सत्कार ठेवला. हॉल, फुलं, समई, ध्वनिक्षेपकाची कुईकुई. सर नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत अंग चोरून बसले होते. मी मागच्या रांगेत. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी शोभाताई प्रतीकला घेऊन आल्या, पेढ्यांचा मोठा बॉक्स सरांच्या मांडीवर ठेवला आणि खाली वाकून पाया पडल्या.

"सर, तुमच्यामुळं झालं. प्रतीक म्हणत हुता, तुमची ताईबी दहावीलाच हुती. किती पडलं तिला?"

"ऱ्हायली. इंग्रजीत."

"आगं बया. आभ्यासात कच्ची हाय का?"

प्रतीकनं आईचा हात ओढला आणि स्वतःच्या कानातल्या मशीनला बोट लावून खूण केली. दवाखान्याच्या रांगेत नाही, पण बारामतीच्या बसस्टँडवर त्यानं मानसीला सरांबरोबर पाहिलं होतं. ऐकू न येणाऱ्या पोरांना एकमेकांची ओळख पटायला वेळ लागत नाही.

शोभाताईंना क्षणभर कळेना. मग कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला मागच्या रांगेतून बघवेना. भांडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं. हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्या शब्दावर काढला हुता, सर." आणि पोराला घेऊन मागं जाऊन बसल्या. पेढ्यांचा बॉक्स मांडीवर तसाच.

तेवढ्यात सरांचं नाव पुकारलं. शाल, नारळ, टाळ्या. शिक्षण खात्याच्या साहेबांनी आग्रह केला म्हणून माईक हातात घेतला.

"खालच्या आकड्यात एक वाढवा," सर म्हणाले. "एक पोरगी मोजायची ऱ्हायलीय."

साहेब हसले. "अहो शेंडगे, आज तरी हिशेब सोडा! कुठल्या शाळेची पोरगी?"

सर माईक धरून उभे राहिले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी माईक खाली ठेवला आणि चष्मा पुसत पायऱ्या उतरले. सगळ्यांना वाटलं, भारावलेत. जोरात टाळ्या पडल्या. शोभाताईंनी वाजवल्या नाहीत, आणि मीही हात मांडीखाली दाबून बसले. एवढ्या टाळ्यांत त्या माणसाची जी शोभा होत होती ती कुणाला दिसत नव्हती.

त्यानंतर बरेच दिवस सर बसला दिसले नाहीत. कुणी म्हणालं रजेवर आहेत, कुणी म्हणालं करार संपला.

मग मी त्यांना पाहिलं ते बारामतीच्या सरकारी दवाखान्यात, बुधवारी. माझ्या वर्गातल्या एका मुलीला घेऊन मी गेले होते. तिची आई रांगेत पदर नाकापर्यंत ओढून उभी होती, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. सारखी म्हणत होती, "मॅडम, पुढच्या खेपेला येऊ का? आज नको वाटतंय." मी तिला धरूनच ठेवलं होतं म्हणा ना.

दारातून सर आले. मागं त्यांची बायको आणि मानसी. रांगेतल्या निम्म्या लोकांना सरांनीच कधी ना कधी समजावून इथं आणलेलं. "सर आलं, सर आलं. वाट द्या सरांना." एक आजोबा बाजूला सरकले. दारावरचा शिपाईही ओळखीचा. "या सर, डायरेक आत चला. आज कुणाचं पोर आणलंय?"

सर थांबले. हात चष्म्याकडं गेला.

"माझं," ते म्हणाले. "रांगेतच थांबतो."

आणि ते मागं गेले, अगदी शेवटी, आमच्या पाठीमागे. माझ्याशी त्यांची नजरानजर झाली आणि त्यांनी मान खाली घातली. पदर ओढलेली बाई वळून त्यांच्याकडं बघायला लागली. "सर, तुमी?" एवढंच तिला विचारता आलं. त्यांच्या बायकोनं भिंतीकडं तोंड केलं.

मानसी त्या बाईच्या ओठांकडं बघत होती. तिला प्रश्न समजला होता. तिनं हात वर केला आणि बापाच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. तिचा आवाज जरा सपाट होता आणि गरजेपेक्षा मोठा. तिला स्वतःला तो नीट ऐकू येत नव्हता ना.

"मावशी, हे धरा. आता पप्पांना तुमी दिसता, पण तुमचं तोंड दिसत न्हाय. ते कमी झालं का? डोळ्याला काच लावाय आपल्याला लाज वाटत न्हाय. मग कानाला मशीन लावाय कशाची लाज?"

एकही शब्द चुकला नाही. अंगणात आलेल्या लोकांना, व्हिडिओ कॉलवरच्या लोकांना बाप हे सांगताना तिनं लांबून बघितलं होतं. वर्षानुवर्षं, ओठांवरून.

मग बापाकडं वळून म्हणाली, "हे तुमी सगळ्यांना सांगता. मला कधी सांगितलं न्हाय."

सर तसेच उभे राहिले. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे बारीक आणि उघडे पडल्यासारखे दिसत होते. पुसायला हातात काही नव्हतं. शर्टाचं टोक नुसतंच मुठीत धरलेलं. त्या बाईनं चष्मा मानसीला परत दिला आणि डोक्यावरचा पदर मागं सारला.

रांग पुढं सरकत राहिली. माझ्या विद्यार्थिनीचं काम झालं तरी मी बाकावर बसून राहिले. अखेर सिस्टर दारात आली आणि मानसीचं नाव पुकारलं. मानसीची दाराकडं पाठ होती. ती ओढणीच्या टोकानं बापाचा चष्मा पुसत होती. सिस्टरनं पुन्हा पुकारलं, या वेळी जरा चिडून. "कुठं लक्ष आहे हिचं?"

सरांनी तिचं कोपर धरायला हात पुढं केला, तसाच, फाट्यावर धरायचे तसा. मग तो हात मागं घेतला.

"मानसी रेखा दत्तात्रय शेंडगे," त्यांनी आधी तिचं पूर्ण नाव घेतलं. दवाखान्याच्या त्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "तिला ऐकू येत न्हाय, सिस्टर. जन्मापासनं येत न्हाय. मी बाप हाय तिचा."

रांगेतल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. मानसी तेवढी चष्मा पुसत होती.